कोंबडी अंड्यावर येण्याआधीच हप्ता दारात

"सर, कोंबड्या अजून अंड्यावर आल्या नाहीत, पण हप्तेवाला दर सोमवारी येतो." भोकरदन तालुक्यातली एका विद्यार्थ्याची आई सांगत होती. बचत गटाच्या बायांसोबत तिने 30 हजारांचे कर्ज घेतले. त्यातून गावरान पिल्ले आणली, खुराडे बांधले, उरलेल्या पैशांत पापड-शेवयांचे सामान भरले.

गावरान पिल्लू अंड्यावर यायला पाच-सहा महिने लागतात. मध्येच मानमोडी आली तर खुराडे रिकामे. पापड-शेवयांचा हंगाम उन्हाळ्याचा. पावसाळ्यात वाळवण कुठे घालायचे? हप्ता मात्र पहिल्या आठवड्यापासून सुरू. मग पापडाचे पैसे हप्त्यात जातात, उडदाची डाळ उधारीवर येते आणि शेवटी दुसरे कर्ज काढून पहिले फेडले जाते. वर आपण म्हणणार, बायांना धंदा जमत नाही!

रिझर्व्ह बँकेचे नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत. वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला असे कर्ज तारणाशिवाय द्यायचे. घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. हप्ता किती दिवसांनी घ्यायचा, यात कर्जदाराच्या गरजेप्रमाणे सवलत देण्याचे धोरण प्रत्येक संस्थेने ठरवायचे आहे. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीचा तगादा लावता येत नाही. सही-अंगठा घेताना यातले किती बायांना वाचून दाखवले जाते? कोंबडीपालनाच्या कर्जाला पहिले सहा महिने हप्ता नको, ही मागणी गटांनी लेखी केली पाहिजे.

आता आपल्या लोकांविषयी. व्याज हराम आहे, हे आपण तिला जुम्म्याच्या जुम्म्याला ऐकवतो. पण कर्जदार तंगीत असेल तर त्याला सवड मिळेपर्यंत मुदत द्या, हा सूरह बकराचा हुकूम (आयत 280) कोणासाठी आहे? जलशांना, मंडपांना, दावतींना वर्गणी जमते. मग जकातीला हात न लावता, त्याच देणग्यांतून मोहल्ल्यात कर्ज-ए-हसनाचा फंड का उभा राहत नाही? दहा बायांना प्रत्येकी 5 हजार द्यायला 50 हजार पुरतात. परत आले की पुढच्या दहा जणींना.

तिने खैरात मागितलेली नाही, मुदत मागितली आहे. तेवढीही देता येत नसेल, तर निदान तिला हराम-हलाल शिकवायला जाऊ नका.