आमच्या घरातले एकच यंत्र
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या घरी पंधरा हजार रुपयांवरून तीन रात्री खल चालला होता. ही रक्कम आईने बचत गटातून कर्जाऊ घेतली होती आणि ती पुन्हा मिळण्याचा संभव नव्हता. प्रश्न एवढाच होता की त्या पैशांत टॅब्लेट घ्यावा की जुना संगणक. ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या घरात दहावीच्या पलीकडे गेलेली मी पहिलीच. एखादी वस्तू अभ्यासाला लागते की नाही, हे विचारायला मागे कोणी नव्हते. शेवटी तालुक्याच्या दुकानदारानेच निकाल दिला. ‘‘काकू, पोरीला टॅब घ्या. अभ्यास पण होईल आणि पिक्चर पण.’’ आम्ही टॅब घेतला.

गंमत अशी की हाच प्रश्न एकदा सरकारांनाही पडला होता, आणि तोही एकाच वर्षी. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब्लेट विद्यार्थ्यांसाठी आणला. सात इंची पडदा आणि २५६ एमबी स्मृती. त्याच्या आदल्याच महिन्यात तामिळनाडू सरकारने विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप वाटायला सुरुवात केली होती. मी तेव्हा बालवाडीत होते. आकाशचा गाजावाजा मोठा झाला आणि पुढे तो विरून गेला. तामिळनाडूचे वाटप मात्र कित्येक वर्षे चालले. यंत्राच्या बऱ्यावाईटपणाची कारणे अनेक असतील. पण मला त्यात एक फरक दिसतो. एका सरकारने मुलांच्या हाती वाचायचा पडदा दिला, दुसऱ्याने लिहायची कळपाटीही दिली.

वाचण्यापासूनच सुरुवात करते, कारण ‘वाचायला टॅबच बरा’ असे सारेच म्हणतात. ते किती खरे, हे मी पट्टी घेऊन मोजले. आपल्याला मिळणारी बहुतेक टिपणे, परिपत्रके आणि जुने ग्रंथ पीडीएफ स्वरूपात असतात. १९९३ साली अ‍ॅडोबी कंपनीने हे स्वरूप आणले ते मुळी कागदावरचे पान कोणत्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसावे म्हणून. म्हणजे पान आपल्या पडद्यासाठी अंग चोरत नाही. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद. माझा दहा इंची टॅब उभा धरला तर पडदा भरतो सुमारे १३६ मिलिमीटर. म्हणजे बारा पॉइंटचे अक्षर जेमतेम आठ पॉइंटचे होते. मोबाईलवर तेच चारवर येते. इंग्रजी अक्षर आठ पॉइंटातही निभावून जाते. पण आपल्या लिपीत रेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, ही मोठीच सोय आहे. पण जुन्या पुस्तकाचे छायाचित्र काढून केलेली प्रत असेल, तर दिसतो तो अनुस्वार की धुळीचा कण, हे कळायला पान मोठे करावे लागते. मोठे केले की ओळीचे शेपूट पडद्याबाहेर. मग बोटाने ओढा, वाचा, परत ओढा.

संगणकाची बाजू घेणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नये. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा आडवा असतो, उंची सुमारे १९४ मिलिमीटर. त्यावर संपूर्ण पान एकदम पाहायचे म्हटले तर अक्षर टॅबवर होते तितकेच लहान होते! फायदा एवढाच की तिथे पान मूळ आकारात ठेवून निम्म्याहून थोडे अधिक एका वेळी वाचता येते, आणि ओळ तुटत नाही. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील नोंदी वाचताना मात्र हा त्रासच नाही. तो मजकूर पडद्याप्रमाणे आपली घडी बदलतो. म्हणजे दोष नेहमी यंत्राचाच असतो असे नाही. आणखी एक. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मराठी पीडीएफमध्ये शब्द शोधू गेले तर सापडत नाही, उतरवून घेतला तर रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. तिथे टॅब आणि संगणक दोघेही सारखेच निरक्षर. असो.

टॅबचे गुणही सांगितलेच पाहिजेत. मी रोज सव्वा तास एस.टी.त असते. दोन आसनांच्या मधल्या बेचक्यात बसून मी ज्या कादंबऱ्या वाचल्या, त्या लॅपटॉपवर वाचणे अशक्य होते. रात्री वीज गेली तरी टॅब चालतो. जुना डेस्कटॉप वीज जाताच न साठवलेल्या लेखासकट मरतो.

माझे डोळे उघडले ते जानेवारीत. चोवीस पानांचा प्रकल्प द्यायचा होता. टॅबवर टंकायला बसले तर कळपाटीनेच अर्धा पडदा खाल्ला. वरच्या उरलेल्या पट्टीत माझ्या चार ओळी. संदर्भ पाहायचा तर लेख बंद, लेख उघडायचा तर संदर्भ नजरेआड. मागच्या पानावर आपण काय प्रतिपादन केले ते तिसऱ्या पानावर विसरायला होई. मैत्रिणीचा सुटा कीबोर्ड जोडून पाहिला. बोटांची सोय झाली, डोळ्यांची नाही. शेवटी हाताने लिहून तालुक्याच्या टायपिंगवाल्याकडे दिले. पानाला वीस रुपये, एकूण चारशे ऐंशी. म्हणजे आईच्या दीड दिवसाच्या खुरपणीची मजुरी. शिवाय त्याने ‘सामंतशाही’चे ‘सामान्यशाही’ केले ते निराळेच.

त्यानंतर मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकावर बसून इनस्क्रिप्ट शिकले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. पंधरा दिवसांत हात बसला. पडद्याच्या एका अंगाला मूळ ग्रंथ, दुसऱ्या अंगाला माझा लेख. एखादा परिच्छेद उचलून वर नेला तर युक्तिवाद सुधारतो, हे मला आयुष्यात प्रथम त्या खुर्चीवर कळले. तेव्हापासून माझे मत पक्के आहे: कला शाखेच्या विद्यार्थ्याला एकच यंत्र घेणे शक्य असेल आणि ते त्याचे एकट्याचे असणार असेल, तर त्याने जुनापुराणा का होईना संगणक घ्यावा. आपण नुसते वाचणारे राहिलो तर लिहिणारे दुसरेच कोणी असतील.

या मतानुसार मी टॅब विकायला काढला. गिऱ्हाईकही ठरले होते. आदल्या संध्याकाळी आईने तो मागितला. वडील गेल्यावर शेताला वारसनोंद लागली, असे तिला तोंडी सांगितले होते. कागद तिने कधी पाहिला नव्हता. मी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा उतरवला आणि टॅब तिच्या हाती दिला. आई चौथी शिकलेली. तिने दोन बोटांनी पान मोठे केले, मी करताना पाहिले होते तसे. मग एकेका अक्षरावर बोट ठेवत, पान सरकले की परत आणत, खाली गेली.

‘‘हे बघ गं, हितं माझं नाव हाय,’’ ती म्हणाली. मग परत वाचले. मग माझे वाचले.

माऊस हातात धरून ती हे कधीच करू शकली नसती असे मी म्हणणार नाही, पण तिने तो धरलाच नसता. आता ती रात्री बचत गटाचा हिशेब, बाजारभाव, धाकट्याचे बालभारतीचे पुस्तक, सारे त्यावर पाहते. टॅब विकला नाही. माझ्या मताशी हे विसंगत आहे, याची मला जाणीव आहे. मत बदललेले नाही; घरात वाचणारी मी एकटीच आहे, हा माझा समज तेवढा चुकीचा होता.

मग माझ्या लिहिण्याचे काय? ते ग्रंथालयातील सहा संगणकांवर अवलंबून आहे. त्यांपैकी दोन बंद आहेत आणि ती खोली दुपारी तीनला कुलूपबंद होते. आमची तासिका संपते अडीचला. माझ्या गावाची शेवटची एस.टी. पावणेसहाची आहे, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या बहुतेकांची गाडी त्याच सुमारास सुटते. तीन ते साडेपाच आम्ही स्थानकाच्या बाकावर बसतो, मोबाईल पाहत. प्राध्यापकवर्गाला आणि ग्रंथालय समितीला माझी नम्र विनंती आहे की नवीन टॅब खरेदीचा विचार नंतर करावा. आधी ती खोली साडेपाचपर्यंत उघडी ठेवावी. किल्ली सांभाळायची जबाबदारी आम्ही आठ जणी आळीपाळीने घ्यायला तयार आहोत.