औषधाची पेटी गावातच हवी

आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर ‘आरोग्य हीच खरी संपत्ती’ असे निळ्या अक्षरांत लिहिलेले आहे. त्या भिंतीच्या समोरच आरोग्य उपकेंद्राची इमारत आहे. शाळेत असताना मी ते वाक्य रोज वाचले आणि समोरच्या दाराचे कुलूपही बहुतेक रोज पाहिले. दोष नर्सबाईंचा नाही. एका उपकेंद्राखाली सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्या धरतात. बाई एक आणि वाड्या अनेक. त्या दुसऱ्या वाडीवर गेल्या की आमच्याकडे कुलूप. पण आजार काही फेरीचा वार पाहून येत नाही.

माझी आई गावची ‘आशा’ आहे. ती दहावी झालेली, वडील चौथी. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझी फी आईच्या मोबदल्यातून भरली जाते, तेव्हा मी तिचीच बाजू घेणार असे कोणी म्हणेल. खुशाल म्हणावे. मी डोळ्यांनी पाहिले तेवढेच येथे सांगतो.

गेल्या वर्षी श्रावणात एका रात्री शेजारच्या दीड वर्षाच्या पोराला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. पोराचे डोळे खोल गेले होते, रडतानाही अश्रू येत नव्हते. ओढ्याला पूर, फरशीवरून पाणी, गाडी जाणे अशक्य. आईने आपल्या पिशवीतली जलसंजीवनीची पुडी काढली, मोजून लिटरभर पाण्यात कालवली आणि पोराला मांडीवर घेतले. एक चमचा पाजायचा, थोडे थांबायचे, पुन्हा एक चमचा. उलटी झाली की दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरुवात. असे उजाडेपर्यंत चालले. सकाळी पाणी ओसरल्यावर पोराला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टर म्हणाले, “रात्रभर पाजत राहिलात म्हणून पोर हाती लागले.” महिनाअखेरीस आई अहवाल भरत होती. मी विचारले, “त्या रात्रीचे कुठे लिहिलेस?” ती म्हणाली, “त्याला रकाना नाही रे.”

दुसरी हकीकत त्याच वर्षीची, दिवाळीनंतरची. खळ्यावर झोपलेल्या एका काकांना मण्यार चावला. मण्यार चावलेली जागा फारशी सुजत नाही, दुखतही नाही. त्यामुळे सगळे म्हणाले, काही झालेले नाही. आई एकटी सांगत होती, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. तिला उत्तर मिळाले, “तुझे काम बाळंतिणींचे. सापाचे तुला काय कळते?” काकांना मांत्रिकाकडे नेले. पहाटे पापण्या जड झाल्या, जीभ अडखळू लागली, मग श्वास अडू लागला. दवाखान्याच्या वाटेवरच ते गेले. आईचे म्हणणे खरे होते, पण तिच्या शब्दाला वजन नव्हते.

या दोन्ही रात्री माणूस तोच होता. पहिल्या रात्री तिच्याजवळ शिक्षण होते, औषध होते आणि ते देण्याचा अधिकार होता. दुसऱ्या रात्री यातले काहीच नव्हते. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तर परदेशातून आणण्याचीही गरज नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. बाहेरून आलेल्या परिचारिका गावात रुजत नाहीत हे त्यांनी लवकरच ओळखले. मग गावानेच आपली एक बाई निवडायची आणि जामखेडला शिकवून तयार करायची, अशी पद्धत त्यांनी घातली. त्यातल्या कित्येक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्याच हाती गावातली बाळंतपणे आली. या कामाबद्दल आरोळे दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले. या गावातल्याच बाया तान्ह्या बाळाचे वजन करायच्या, श्वास मोजायच्या आणि जंतुदोष ओळखून इंजेक्शनही द्यायच्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेजारच्या गावांशी तुलना करता नवजात बालकांचे मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक घटले होते.

येथे सुशिक्षित मंडळी हमखास एक आक्षेप घेतात. अर्धवट ज्ञान धोक्याचे, अशाने गावोगाव भोंदू डॉक्टर तयार होतील. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पण भोंदू डॉक्टर आजही आहेतच. ज्याला कोणी शिकवत नाही, कोणी तपासत नाही आणि कोणी जाब विचारत नाही, तो भोंदू. आरोग्यदूताला मात्र ठरावीक आजार, ठरावीक औषधे आणि ठरावीक मर्यादा शिकवलेली असते. आपल्याला काय येत नाही हे तिला ठाऊक असते, तेथेच ती डॉक्टरकडे धाडते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. पण ती केव्हा बोलवावी आणि येईपर्यंत काय करावे हे सांगणारे कोणीतरी गावात असायला हवे ना?

मग गाडे अडते कुठे? मला वाटते, ते आपल्या मनोवृत्तीत अडते. १९७७ साली केंद्र सरकारने गावोगाव आरोग्य कर्मचारी नेमण्याची योजना आणली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये मानधन. पुढे ‘कर्मचारी’ हा शब्द जाऊन ‘स्वयंसेवक’ आला आणि योजना हळूहळू विरली. २००५ साली आशा योजना आली, साधारण हजार लोकसंख्येमागे एक. तीही स्वयंसेविकाच! कामागणिक मोबदला आणि वर थोडे मानधन. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला आणि २०२३ साली महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संप करावा लागला. एका हाताने हार घालायचा आणि दुसऱ्या हाताने पगाराचे पुस्तक मिटायचे, हा कुठला न्याय?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गावात, ग्रामसभेने निवडलेली, निदान वर्षभर ग्रामीण रुग्णालयात शिकलेली एक व्यक्ती असावी. तिच्याजवळ रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर तपासण्याचे साधन, मलमपट्टी आणि ठरलेल्या औषधांची पेटी असावी. अडल्यास डॉक्टरला फोनवर विचारण्याची सोय असावी. तिला दरमहा ठरलेला पगार मिळावा आणि पुढे शिकून नर्स होण्याची वाट मोकळी असावी. ज्या आशांनी इतकी वर्षे गाव सांभाळले, त्यांना यात पहिला मान मिळावा.

आणि मित्रहो, सरकारकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी सात दिवसांचे असते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, शेवटच्या रात्री करमणुकीचा कार्यक्रम करतो. या वर्षीचे निदान दोन दिवस आपण प्रथमोपचार शिकण्यासाठी आणि गावाला शिकवण्यासाठी ठेवू या. जलसंजीवनी कशी कालवावी, सर्पदंश झाल्यावर पाय न हलवता माणसाला थेट दवाखान्यात कसे न्यावे, एवढे जरी शंभर घरांत पोहोचले तरी शिबिर सार्थकी लागले असे मी म्हणेन. शिकवायला कोण येईल, असे प्राध्यापकांनी विचारले तर मी एक नाव सुचवीन. ती कधी कॉलेजात आलेली नाही. बोलवायला मी स्वतः जाईन.