गर्भिणीची साखर आणि घरची जीभ

निकालाच्या दिवशीं मुलांच्या चेहऱ्यावर दिसणारें भय आम्हीं शाळेंत पुष्कळ वर्षें पाहिलें. तेंच भय आमच्याच घरीं गर्भवती सुनेच्या चेहऱ्यावर पाहण्याची पाळी येईल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

सहाव्या महिन्यांत तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनीं रक्त तपासलें, तों शर्करा १४० च्या वर निघाली. डॉक्टरीणबाईंनीं आहार आंखून दिला. रोज बोट टोंचून आंकडे वहींत मांडण्यास सांगितलें. झालें! आम्ही दररोज सकाळीं वर्तमानपत्रांतून मान वर करून विचारीत असूं, “काय सूनबाई, आज किती?” आंकडा चढा निघाला कीं सौभाग्यवती म्हणत, “काल आंबा खाल्लास ना?”

पुढें एकदां डॉक्टरीणबाईंनीं यंत्रांतील नोंदी वहीशीं ताडून पाहिल्या, मेळ बसेना. चढे आंकडे वहींत उतरवून लिहिलेले होते. विचारतां ती रडूं लागली. “मामंजी रोज विचारतात, मला भीति वाटते,” एवढेंच ती बोलली. छडीच्या धाकानें मुलगा उत्तर चोरतो, तेव्हां दोष पुष्कळदां छडीचाच असतो. हें शाळेंत शिकलेलें आम्ही घरीं विसरलों होतों.

वाचकहो, हा विकार एखाद्या आंब्यानें किंवा लाडवानें जडत नाहीं. वारेंतून निघणारे अंतःस्राव इन्शुलिनच्या कार्यास अडथळा करितात. हें सर्वच गर्भिणींच्या बाबतींत घडतें. ज्यांच्या स्वादुपिंडास वाढती गरज भागवितां येत नाहीं, त्यांची शर्करा चढते. पथ्य पाळूनहि ती चढूं शकते, आणि मग इन्शुलिन टोंचून घ्यावें लागतें. तें त्या स्त्रीचें अपयश नव्हे. १९२२ सालीं टोरांटो येथें हें औषध मनुष्यास प्रथम दिलें गेलें. तत्पूर्वीं मधुमेही मातेची व बालकाची सुखरूप सुटका दुर्मिळच होती.

अशा स्त्रियांत चिंता व खिन्नता इतर गर्भिणींहून अधिक आढळते. खिन्न मनाला पथ्य सांभाळवत नाहीं; पथ्य ढळलें कीं शर्करा चढते, आणि चढलेला आंकडा मनास पुनः खालीं ओढतो. दोन आठवडे उदासपणा हटत नसेल, कशांतच गोडी वाटत नसेल, “सारा माझाच दोष” असा घोष चालला असेल, तर तें डॉक्टरांस अवश्य सांगावें. प्रसूतीनंतरहि हें लक्ष ठेवावें. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा कानीं आली, तर मात्र तिला क्षणभरहि एकटें न सोडतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

गर्भ टिकविणाऱ्या गोष्टींत चरकाचार्यांनीं मनाच्या प्रसन्नतेस अग्रस्थान दिलें आहे. हें आम्हांस तोंडपाठ होतें. आचरणांत मात्र नव्हतें.

हल्लीं आम्ही आंकडा विचारीत नाहीं. वही तिची आणि डॉक्टरीणबाईंची. “रात्रीं झोंप लागली का?” एवढें विचारतों आणि सायंकाळीं तिच्याबरोबर फिरावयास जातों. डोहाळजेवणाचें ताटहि तिच्या पथ्याचेंच झालें, आणि घरांतील सर्वांनीं तेंच जेवलें. आतां वहींतील आंकडे खरे असतात. कधीं चढे असतात, पण खरे असतात.