बांधायला शिबिर, जोडायला मुंबई

बाया-बापयांनो,

मागच्या मिटिंगला वनजमिनीचं बोलणं झालं, दंडाच्या पावत्यांचं झालं, गार्डाच्या त्रासाचं झालं. शेवटी मी माझ्या वहिनीचा विषय काढला, तर दोन-तीन गडी म्हणाले, "हा बायांचा विषय, इथं कशाला?" म्हणून हे लिहिते आहे. शेत गेलं तर सगळा पाडा गोळा होतो. बाईच्या पोटावर अन्याय झाला तर ती एकटीच चुलीपाशी रडते. असं का?

वहिनीला दोन पोरं होती. धाकटा आठ महिन्यांचा असताना नर्सबाई चार वेळा घरी आल्या. शाळेत शिबिर होतं. जीप न्यायला आली, बिनटाक्याचं ऑपरेशन झालं, हातात पैसे पडले, संध्याकाळी जीपनंच परत सोडलं. कागदावर अंगठा घेतला, पण कागद वाचून कुणी दाखवला नाही. वहिनीनं विचारलं होतं, "उद्या काही झालं तर?" उत्तर मिळालं, "गाठच आहे, सोडता येते." पुढच्या दोन पावसाळ्यांत दोन्ही पोरं गेली. एक जुलाबानं, एक तापानं.

"गाठ सोडता येते" हे खोटं आहे. मी वहिनीबरोबर मुंबईच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. तेच इथं लिहिते, कारण अंगठा घेताना हे आपल्याला कुणी सांगत नाही.

बाईच्या पिशवीला दोन बाजूंना दोन गर्भनळ्या असतात. एकेक नळी साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब. पिशवीजवळ तिचं आतलं भोक एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. बिनटाक्याच्या ऑपरेशनात नळीचा वेढा ओढून त्यावर रबरासारखी बारीक रिंग चढवतात. वेढ्याचं रक्त बंद होतं आणि तेवढी नळी मरते. दोन-तीन सेंटीमीटर जाते. टाक्याच्या ऑपरेशनात वेढा दोऱ्यानं बांधून कापून टाकतात. काही ठिकाणी नळी विजेनं जाळतात, त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. म्हणजे सोडायला गाठ उरतच नाही. मधला तुकडाच मेलेला असतो.

आता जोडायचं कसं? आधी पोट उघडायचं. नळीची मेलेली, आखडलेली टोकं कापत जायचं, आत जिवंत भोक दिसेपर्यंत. मग दोन्ही टोकं समोरासमोर आणून टाके घालायचे. दोरा केसाहून बारीक, सुई त्याच मापाची. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. डॉक्टर मोठा मायक्रोस्कोप लावतात, नाहीतर डोळ्यावर भिंगाचा चष्मा घालतात. चिमटे घड्याळजीसारखे नाजूक. रक्त थांबवायला बारीक टोकाचा विजेचा चिमटा, तोही नेमका ठिपक्यावर लावायचा. कापडानं पुसायचं नाही, पुसलं तर आतले भाग एकमेकांना चिकटतात. म्हणून सारखं पाणी सोडून नळी ओली ठेवतात. भोकाच्या चारी बाजूंना टाके, त्यावर बाहेरून दुसरा थर. शेवटी पिशवीतून निळा रंग सोडून बघतात, तो नळीच्या टोकातून बाहेर आला तर वाट मोकळी.

एवढं करून जोडलेली नळी चार सेंटीमीटरपेक्षा जास्त उरली, बाईचं वय कमी असलं, डॉक्टरचा हात बसलेला असला, तर अर्ध्याहून जास्त बायांना पुन्हा दिवस जातात. पण खात्री नाही. वर एक धोका राहतो, गर्भ नळीतच अडकण्याचा. म्हणून पाळी चुकली की लगेच तपासायचं. पोटात एका बाजूला कळ आली, चक्कर आली तर भगताकडे थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

बांधायला काही मिनिटं. जोडायला काही तास, मायक्रोस्कोप आणि शिकलेला हात. बांधायला जीप दारात येते. जोडायला आपण एसटीनं जायचं, मजुरी बुडवायची, फुटपाथवर झोपायचं.

साहेब म्हणतात, दोन पोरं झाली होती ना, आता कशाला? साहेब, पोरं झाली होती, पण तुम्ही ती जगू दिलीत का? १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं पोरं मेली, तेव्हा सगळ्या राज्यानं पाहिलं. ज्या पाड्यावर पोर जगण्याची हमी नाही, तिथं कायमचं ऑपरेशन करताना दहा वेळा विचार करायला नको? १९९६ साली सरकारनं टार्गेट बंद झालं म्हणून जाहीर केलं. मग मार्च महिना जवळ आला की नर्सबाईंची धावपळ का होते?

सरकारला जोडता येत नाही असंही नाही. २००४ च्या त्सुनामीत पोरं गेलेल्या कोळणींसाठी तमिळनाडू सरकारनं नळी जोडण्याचं ऑपरेशन फुकट जाहीर केलं. समुद्रानं पोर नेलं तर सरकारला दिसतं. कुपोषणानं नेलं तर दिसत नाही काय?

आम्ही ऑपरेशनच्या विरोधात नाही. ज्या बाईला पाहिजे तिला मिळालंच पाहिजे, चांगल्या दवाखान्यात, नीट तपासणी करून. आणि गड्यांनो, बापयाची नसबंदी बाईच्यापेक्षा सोपी आणि कमी धोक्याची असते, हेही ध्यानात घ्या. शिबिराच्या दिवशी तुम्ही जंगलात का पळता?

२००५ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना बजावलं की नसबंदी करणाऱ्या डॉक्टरांची मान्य यादी ठेवा, ठरलेल्या यादीप्रमाणे बाईची तपासणी करा, संमतीचा ठरलेला नमुना वापरा. त्यावर आपल्या मागण्या अशा:

१. अंगठ्याआधी कागद आपल्या बोलीत मोठ्यानं वाचा. "हे कायमचं आहे" हे आधी सांगा.
२. कार्डावर लिहा: रिंग, दोरा की वीज, आणि नळी कुठल्या जागी बांधली. वहिनीच्या कार्डावर नाव आणि तारीख, बाकी काही नाही. म्हणून आता नळी किती उरली हे बघायलाच तिच्या पोटात दुर्बीण घालणार आहेत.
३. पोर गेलेल्या बाईची नळी सरकारनं फुकट जोडून द्यावी. जिल्ह्याला सोय नसेल तर जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी.

जंगलखात्यानं आपल्या आजोबांचा अंगठा न वाचलेल्या कागदावर घेतला आणि जमीन गेली. तोच अंगठा, तसाच कागद, या वेळी बाईचं पोट. जमीन परत मागायला आपण लाजत नाही. मग हे मागायला का लाजायचं?

वहिनीला पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. येत्या मिटिंगला ज्यांच्या घरात ऑपरेशन झालंय त्यांनी कार्ड घेऊन या. बायांनो, तुम्ही स्वतः या. कार्ड मी वाचून दाखवीन.

जिंदाबाद!