सुट्टीआधी तबेल्याचे दार

होळीच्या आसपास पशुवैद्यकीय महाविद्यालयांतले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी अश्ववैद्यांकडे चौकशी करू लागतात: उन्हाळ्याच्या सुट्टीत घोड्यांबरोबर काही काम मिळेल का? बहुधा त्यांना एकच उत्तर मिळते, ‘इंटर्नशिपला या, तेव्हा बघू.’ उत्तर देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. अर्धवट शिकलेल्या मुलाला घोड्याजवळ उभे करून काय साधणार, एवढाच हिशेब असतो. आमच्या मते हा हिशेब उलटा मांडलेला आहे. घोड्याच्या बाबतीत हाताळणी आधी यावी लागते आणि औषधोपचार नंतर. हाताळणी शिकायला सर्वांत योग्य काळ तोच, जेव्हा विद्यार्थ्याच्या हाती सिरिंज आलेली नसते आणि ती यावी अशी कोणाची अपेक्षाही नसते.

यावर पहिला आक्षेप संख्येचा. २०१९च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरले. २०१२मध्ये ही संख्या ६ लाखांच्या वर होती. गायबैल १९ कोटींच्या पुढे आहेत. मग महाविद्यालयाने आणि विद्यार्थ्याने आपला वेळ गाईम्हशींवर खर्च करावा हे उघडच आहे, असे म्हटले जाते. पण अभ्यासक्रमात घोडा आहे, परीक्षेत घोडा आहे आणि नोंदणी झाल्यावर घोड्याच्या मालकाने हाक मारली तर जाण्याची जबाबदारीही आहे. कमी आहे ती फक्त महाविद्यालयाच्या दवाखान्यात येणाऱ्या घोड्यांची संख्या. जनावर दुर्मीळ झाले की ते आपोआप दवाखान्यात दिसेल ही आशा सोडावी लागते आणि ते जिथे आहे तिथे जावे लागते. महाराष्ट्रात ही ठिकाणे ठरलेली आहेत: मुंबई-पुण्याचे शर्यतींचे तबेले, पुण्याच्या आसपासचे स्टड फार्म, माथेरान, महाबळेश्वर-पाचगणी, सारंगखेड्याच्या यात्रेत उलाढाल करणारे खानदेशातले पाळणारे आणि भीमथडी तट्टांवर बिऱ्हाड लादून फिरणारे धनगर. शिवाय संख्या हे एकच माप धरले तर सापाच्या विषावरचे औषध बाजूला पडते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या दंशावर दवाखान्यात जी एकच लस टोचतात, ती घोड्यांच्या रक्तापासून बनते. सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली स्टड फार्म चालवणाऱ्या घराण्यातून उभी राहिली, ती याच नात्याने. त्या घोड्यांचे आरोग्य म्हणजे गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रिजचा प्रश्न असतो.

उन्हाळाच का, याचे उत्तर घोड्यांच्या वर्षचक्रात आहे. शर्यतीच्या घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे घोडीने वर्षाच्या सुरुवातीलाच शिंगरू द्यावे अशी पैदासकाराची धडपड असते. गर्भकाळ साधारण अकरा महिन्यांचा. म्हणून फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत स्टड फार्मवर एकीकडे वीण आणि दुसरीकडे पुन्हा भरवणे चालू असते. एप्रिल-मे महिन्यांत तिथे गेलेल्या विद्यार्थ्याला काही दिवसांचे, काही आठवड्यांचे आणि काही महिन्यांचे शिंगरू शेजारी-शेजारी पाहायला मिळते. कोणतेही पुस्तक हे देऊ शकत नाही. मुंबईचा शर्यतींचा हंगाम तेव्हा आटोपत आलेला असतो आणि पुण्याचा पावसाळ्यात सुरू व्हायचा असतो, म्हणजे तबेल्यालाही थोडी उसंत असते. माथेरानचे गणित नेमके उलट आहे. तिथे पर्यटकांची गर्दी याच दिवसांत असते, मोटारींना बंदी असल्याने घोड्यांवर भार पडतो, आणि लंगडणे, खोगिराच्या जखमा, झिजलेले नाल, उन्हाने आलेला थकवा हे सगळे रोजचे. लग्नसराईतल्या वरातीच्या घोड्यांचेही हेच.

आता खरा मुद्दा: तिथे त्याने करायचे काय? खरारा करायचा, चंदी भिजवायची, तोबरा बांधायचा, खूर उचलून साफ करायचे, लीद काढायची, नालबंद येईल तेव्हा पाय धरून उभे राहायचे. अनेक विद्यार्थ्यांना, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या पालकांना, हे काम कमीपणाचे वाटते. एका शूळाचा विचार केला तरी या कामाचे मोल कळते. घोड्याला उलटी करता येत नाही आणि अंगाच्या मानाने त्याचे जठर लहान, मोठ्या घोड्यातही साधारण ८ ते १५ लिटरचे. वायू किंवा द्रव साठत गेला तर जठर फुटू शकते, म्हणून नाकातून नळी घालण्याचा निर्णय वेळेत घ्यावा लागतो. तो निर्णय घ्यायचा कशावरून? प्रौढ घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असते आणि ती साठच्या वर टिकून राहिली तर काळजी करावी, हे वर्गात शिकता येते. पण शूळाची सुरुवात नाडीने होत नाही. चंदी थोडी उरलेली असते, घोडा दोनदा मान वळवून कुशीकडे बघतो, पुढचा पाय जमिनीवर घासतो, लीद रोजच्यापेक्षा कमी आणि कोरडी असते. हे ‘रोजच्यापेक्षा’ ज्याने रोज पाहिलेच नाही त्याला कसे दिसणार? सईसाने फोनवर सांगितलेल्या चार वाक्यांतले कोणते धरायचे आणि कोणते सोडायचे, हे स्वतः महिनाभर तोबरा भरलेल्या डॉक्टरला कळते. निरोगी घोडा पुरेसा पाहून झाल्याशिवाय आजारी घोडा ओळखता येत नाही, आणि निरोगी घोडा दवाखान्यात येत नसतो. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला दवाखान्यातल्या अनुभवाआधी अनेक आठवडे निव्वळ पशुसंगोपनाचे काम सक्तीने करावे लागते, त्यामागचे तर्कशास्त्र हेच.

लाथ बसली तर जबाबदार कोण, हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ब्रिटिश अश्ववैद्यकांच्या संघटनेने करून घेतलेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, अश्ववैद्याला तीस वर्षांच्या व्यवसायात काम थांबवावे लागेल अशा सात-आठ दुखापतींना तोंड द्यावे लागते, आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण मागच्या पायाची लाथ. ही आकडेवारी जाणत्या डॉक्टरांची आहे. ती वाचून विद्यार्थ्याला दूर ठेवावे असे कोणाला वाटेल. पण मग तो घोड्याशेजारी उभे राहायला पहिल्यांदा शिकणार कधी? नोंदणी झाल्यानंतर, एकटा असताना, वेदनेने बेभान झालेल्या घोड्याजवळ? त्यापेक्षा शांत घोड्याजवळ, सईसाच्या नजरेखाली, डोक्यावर हेल्मेट आणि पायांत जाड बूट घालून शिकणे कमी धोक्याचे. अपघात विमा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन या अटी त्याला आधीच घालाव्यात. कायद्याचा प्रश्न थोडक्यात मिटतो: भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणी नसलेल्याला स्वतंत्र उपचार करता येत नाहीत आणि खरारा हा उपचार नव्हे.

सर्वांत वजनदार आक्षेप रोगप्रसाराचा आहे आणि तो स्टड फार्मवाले घेतात ते बरोबरच करतात. २००६मध्ये ग्लँडर्स भारतात पुन्हा दिसला तो महाराष्ट्रात, पुणे-पाचगणी भागात. बाधित घोड्याला दयामरणाशिवाय पर्याय नाही आणि हा रोग माणसालाही होतो. इन्फ्लूएंझा, स्ट्रँगल्स, गर्भपात घडवणारा हर्पिस विषाणू हे तर कपड्यांवरून, हातांवरून, लगामावरून पसरू शकतात. म्हणून एका उन्हाळ्यात एकच जागा, हा नियम विद्यार्थ्यानेही पाळावा आणि आपणही लावावा. माथेरानला दोन आठवडे, मग लगेच स्टड फार्मवर दोन, अशी सहल आखणाऱ्याला नकार द्यावा. ‘जितके तबेले तितका अनुभव’ ही समजूत या व्यवसायात धोक्याची आहे. शिवाय एकाच घोड्याला दीड महिना पाहिल्याने जे कळते ते चार तबेल्यांच्या धावत्या भेटींतून कळत नाही.

फुकट राबवून घेण्याचा मुद्दा मात्र आपल्यालाच ऐकून घ्यायला हवा. सईस रजेवर गेला की त्याच्या जागी विद्यार्थी, हे काही ठिकाणी सहज घडू शकते. मुलगा चार वाजता उठून लीद काढणार असेल तर त्याची राहण्या-जेवणाची सोय आणि थोडे विद्यावेतन देणे हे उपकार नव्हेत. वर्गांत मुली मोठ्या संख्येने आहेत. तबेल्यावर त्यांच्यासाठी कुलूप लागणारी खोली आणि स्वच्छतागृह नसेल तर ‘मुली येत नाहीत’ ही तक्रार करण्याचा आपल्याला अधिकार नाही. किती विद्यार्थी, कोणत्या तारखांना, कोणत्या अटींवर घेता येतील हे ज्यांच्याकडे तबेल्याची किंवा स्टडची जबाबदारी आहे अशा वाचकांनी जानेवारीतच जवळच्या महाविद्यालयाला, मग ते परळचे असो, शिरवळचे वा परभणीचे, लेखी कळवावे. होळीनंतरच्या चौकशीला तोवर वीण अर्ध्यावर आलेली असते, आणि नव्या माणसाला घोडी दाखवायला तेव्हा तबेल्यात कोणाला सवड नसते.