ओसरीवरच्या गप्पा : घर राखते ती शाकारणी



रोहिणी नक्षत्र लागले की आपल्याकडे घरोघर एकच लगबग. कौले फिरवायची, फुटकी काढायची, वळचणीचे वासे ठोकून पाहायचे, गवताचे छप्पर असेल तर नवा पेंढा चढवायचा. एका वर्षाची शाकारणी चुकली तर घर कसे बसते, ते तुम्हाला सांगायला नको. आज गोष्ट सांगणार आहे ती शाकारणीचीच, पण आपल्या मुलखातली नव्हे. ती आहे दूर स्कॉटलंडमधली.

स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनचा उत्तरेकडचा भाग. पश्चिम किनाऱ्यावर बारमाही पाऊस, आणि वारा असा की उभा माणूस वाकावा. अशा हवेत तिथली जुनी घरे टिकली कशी, आणि पडायला आलेली घरे गावांनी सावरली कशी, हे शेतकऱ्याच्या घरात ऐकण्यासारखे आहे.

आधी शेतकऱ्याचेच घर पाहू. स्कॉटलंडच्या वायव्येला लुईस नावाचे बेट आहे. तिथल्या लहान शेतकऱ्यांच्या जुन्या घराला 'ब्लॅकहाउस', म्हणजे काळे घर म्हणतात. बाहेरून एक आणि आतून एक अशा दगडांच्या दोन भिंती, आणि मधल्या पोकळीत ठासून भरलेली माती. दगडावर दगड नुसते रचलेले, चुना नाही की गारा नाही. छप्पर आतल्या भिंतीवर टेकलेले. पाखावरचे पाणी भिंतीतल्या मातीत मुरे. माती ओलसर आणि घट्ट राही, म्हणून वारा आत येत नसे. वर पेंढ्याचे छप्पर, त्यावर दोरांचे जाळे, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोरांच्या टोकांना बांधलेले दगड.

एकाच छपराखाली एका बाजूला माणसे आणि दुसऱ्या बाजूला गुरे. जनावरांच्या अंगाची ऊब घराला मिळे. हिवाळाभर साठलेले शेण वसंतात शेतावर जाई. घराच्या मधोमध जमिनीवरच पेटती चूल, आणि धुराडे नाही. जळण म्हणजे पीट. दलदलीत गवत-शेवाळ कुजून हजारो वर्षांत जी काळी माती बनते, ती विटांसारखी कापून वाळवायची आणि जाळायची. धूर पेंढ्यातून वाट काढत बाहेर पडे. त्याने छप्पर कोरडे राही आणि किडा-मुंगी जवळ येत नसे.

खरी गंमत पुढे आहे. काजळी धरलेला तो जुना पेंढा ही माणसे उतरवून शेतावर पसरत. बटाट्याला ते चांगले खत. छपरावर नव्या हंगामाचा पेंढा चढे. म्हणजे शेत घराला पेंढा देई आणि घर शेताला खत देई. शाकारणी हे वेगळे कामच नव्हते, शेतीच्या वार्षिक कामांतले ते एक काम होते. म्हणून ते चुकत नसे.

पण कोणी असे समजू नये की सारे गोड होते. धुराने डोळे चुरचुरत, घरात उजेड नसे, पाणी बाहेरून आणावे लागे. गॅरेनन नावाच्या वस्तीत काळी घरे सर्वांत उशिरापर्यंत नांदती होती. तिथली शेवटची म्हातारी माणसे 1974 साली जवळच्या नव्या घरांत राहायला गेली. त्यांना नावे ठेवणारे आपण कोण? नळ आणि वीज असलेल्या घरात म्हातारपण काढावे असे कोणाला वाटणार नाही? जुने घर सुंदर दिसते म्हणून दुसऱ्या कोणी त्यात धूर सोसत राहावे, असे म्हणणे हा शहाणपणा नव्हे.

माणसे गेली आणि चूल विझली. मग छपरे बसू लागली. 1989 साली लोकांनीच एक विश्वस्त संस्था काढली आणि घरे एकेक करून उभी केली. भिंती जुन्या पद्धतीने रचल्या, छपरे पेंढ्याचीच ठेवली; आत मात्र आजच्या माणसाला लागतात त्या सोयी केल्या. काही घरांत पाहुणे उतरतात, एक घर जुन्या काळी होते तसे राखले आहे. जवळच्या आर्नोल गावी असेच एक घर सरकारी देखरेखीखाली आले. ते पाहण्यापुरते ठेवले, तरी त्यात पीटची चूल पेटती ठेवण्याची रीत मोडली नाही. कारण उघड आहे. चूल विझली की पेंढा ओल धरतो आणि कुजतो.

आता पूर्वेकडच्या फाइफ भागात जाऊ. तिथे समुद्राच्या खाडीकाठी कूरस नावाचे लहान गाव आहे. चारशे वर्षांपूर्वी इथे कोळसा आणि मीठ यांचा मोठा व्यापार चाले. पुढे तो बसला आणि गावही बसले. पैसा नव्हता, त्यामुळे जुनी घरे पाडून नवी बांधली गेली नाहीत. पण डागडुजीही झाली नाही. 1930 नंतर तर कित्येक घरे पाडण्याच्याच यादीत होती. 1931 साली 'नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड' ही संस्था स्थापन झाली. तिने 1932 साली इथला जुना वाडा 700 पौंडांना घेतला आणि पुढे साधी घरेही घेतली. राजवाडे सगळेच जपतात. कोळ्याचे, विणकराचे, मिठागरवाल्याचे घर कोण जपणार, असा प्रश्न या संस्थेने विचारला ही मोठी गोष्ट.

1960 साली या कामाला एक युक्ती सापडली. तिला 'लहान घरांची योजना' म्हणतात. फिरत्या निधीतून पडके घर विकत घ्यायचे, नीट दुरुस्त करायचे, आणि राहायला येणाऱ्याला विकायचे. विकताना अट अशी की घराचे रूप मोडायचे नाही. आलेल्या पैशातून पुढचे घर घ्यायचे. आपल्याकडच्या भिशीसारखा पैसा फिरत राहिला आणि फाइफच्या किनाऱ्यावरच्या क्रेल, पिटनवीम अशा गावांतली लाल कौलांची घरे पुन्हा नांदती झाली.

याचीही दुसरी बाजू सांगायला हवी. सुधारलेल्या घराची किंमत वाढते. या किनाऱ्यावरची बरीच घरे आता फक्त सुटीपुरती उघडतात, आणि गावच्याच पोराला गावात घर घेणे जड जाते. घर वाचले, पण गाव राहिले का, हा प्रश्न तिथेही पडला आहे.

तिसरी गोष्ट चुन्याची. स्कॉटलंडची जुनी घरे दगड आणि चुना यांची. चुना भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. पुढे सिमेंट आले. ते कडक आणि झटपट, म्हणून लोकांनी जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, दगडांच्या दरजाही सिमेंटने भरल्या. सिमेंटला बारीक भेगा पडल्या, त्यांतून पाणी आत गेले आणि तिथेच कोंडले. भिंत बाहेरून ठणठणीत आणि आतून ओली. थंडीत त्या पाण्याचा बर्फ झाला की दगडाचे पोपडे सुटतात.

हेलेन्सबर्ग गावातले 'हिल हाउस' हे याचे ठळक उदाहरण. चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या नामांकित वास्तुकाराने ते 1902 ते 1904 या काळात बांधले. तेव्हा नव्या मानल्या जाणाऱ्या सिमेंटचा गिलावा त्याने वापरला. शंभर वर्षांत घर इतके भिजले की 2019 साली संपूर्ण घरावर एक मोठा मांडवच घालावा लागला. वर छप्पर आणि चारी बाजूंना चिलखतासारखी पोलादी जाळी. जाळीच्या कड्या तीन कोटींहून अधिक! हेतू एवढाच की पाऊस अडावा, वारा खेळावा आणि घर हळूहळू वाळावे. वास्तुकार थोर होता, पण पाण्याने मोठेपणा पाहिला नाही.

म्हणून तिथे चुन्याची विद्या पुन्हा शिकवावी लागली. फाइफमधल्या चार्ल्सटाउन गावी जुन्या चुनाभट्ट्यांची मोठी रांग आहे. त्याच गावी 1994 साली चुन्याच्या कामाचे केंद्र निघाले. गवंड्यांच्या दोन-तीन पिढ्यांत जे हातून गेले होते, ते तिथे पुन्हा हाताला शिकवतात.

कायदाही आहे. स्कॉटलंडमध्ये सुमारे 47 हजार इमारती सरकारी यादीत आहेत. त्यांत फेरफार करायचा तर परवानगी लागते. पण यादीत नाव लागल्याने पन्हळीतला पाला कोणी काढत नाही. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण तिथेही लागू पडते. 2003 च्या कायद्याने खेड्यातल्या लोकांना एकत्र येऊन जमीन आणि इमारत विकत घेण्याचा अग्रहक्क मिळाला, आणि पुढे तो शहरांनाही लागू झाला. एडिनबरा शहराच्या पोर्टोबेलो भागात एक जुने चर्च विक्रीला निघाले. तिथल्या रहिवाशांनी या हक्काने ते 2017 साली घेतले. आता तिथे सभा, वर्ग आणि समारंभ होतात. देवळाची घंटा थांबली, तरी दार बंद झाले नाही.

शेवटी एका माणसाची आठवण, कारण त्याचे आपल्याशी नाते आहे. पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. 1886 साली लग्नानंतर ते आणि त्यांची पत्नी ॲना एडिनबराच्या जुन्या, कोंदट, गरीब वस्तीत मुद्दाम राहायला गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी घरे झाडली, रंगवली, मोकळ्या कोपऱ्यांत बागा केल्या. सगळी वस्ती पाडा असे त्यांनी कधी म्हटले नाही. अगदीच पडकी असतील तेवढी काढा, हवा-उजेड आत येऊ द्या आणि बाकीची दुरुस्त करा, ही त्यांची रीत. माळी झाडाची वाळकी फांदी छाटतो आणि झाड ठेवतो, तसे. हेच गेडिस 1914 साली हिंदुस्थानात आले. इथल्या अनेक शहरांत हिंडून त्यांनी हेच सांगितले, आणि 1919 ते 1924 या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून शिकवले.

तर मंडळी, काळ्या घरापासून या प्राध्यापकापर्यंत सूत्र एकच. घर पडते ते एका दिवसात नव्हे. एक कौल सरकते, पाणी एका वाशाला लागते, आणि पाहणारे कोणी नसते. घर राहते तेही एका मोठ्या देणगीने नव्हे. दरसाल कोणीतरी शिडी लावून वर चढते म्हणून राहते. आणि शिडी लावणारा तेव्हाच येतो, जेव्हा त्या घराशी त्याचे काही काम असते. घराला माणूस हवा, माणसाला घराची गरज हवी, मग बाकीचे जमते.

पहिला मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन आपल्याच घराभोवती एक फेरी मारून पाहा. पाणी कुठून येते, कुठे साचते, कुठे भिंतीला लागते. लुईस बेटावरच्या शेतकऱ्याला ते ठाऊक होते. आपल्या आजोबांनाही होते.

पुन्हा भेटू, पुढच्या आठवड्यात, याच ओसरीवर.