गुग्गुळाचा अभिमान आणि आपली जबाबदारी

वादविवाद स्पर्धेत ‘आयुर्वेद श्रेष्ठ की आधुनिक वैद्यक’ हा विषय आला की दोन ठरलेली भाषणे होतात. एक बाजू म्हणते, आपल्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते. दुसरी म्हणते, आजीच्या बटव्याला पुरावा नाही. मला वाटते, दोन्ही बाजूंनी गुग्गुळाची गोष्ट ऐकावी. तिचा एक मोठा भाग आपल्या लखनौमध्येच घडला आहे.

गुग्गुळ हे राजस्थान, कच्छ आणि सिंधच्या कोरड्या भागात वाढणारे काटेरी झुडूप. वर्षातले बरेच महिने त्यावर पानेही नसतात. खोडाला चीर दिली की डिंक पाझरतो आणि तोच औषधात वापरतात. सांधे दुखू लागले की वैद्य योगराज गुग्गुळ देतात, हे आपल्यापैकी अनेकांनी घरी पाहिले असेल.

सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर गुग्गुळ सांगितला आहे. त्या वर्णनावरून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि १९६६ मध्ये आपला प्रबंध सादर केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने या डिंकापासून कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी ‘गुगुलिपिड’ हे औषध तयार केले. १९८० च्या दशकात त्याला भारतात परवानगी मिळाली. म्हणजे जुने ग्रंथ निरुपयोगी आहेत, हे म्हणणे टिकत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००३ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. १०३ जणांपैकी काहींना आठ आठवडे गुग्गुळाचा अर्क आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली होती. गुग्गुळ घेणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी थोडे वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. म्हणजे ‘पूर्वजांनी सांगितले, आता तपासायचे काय’ हेही टिकत नाही.

काहींना यात आपला अपमान वाटतो. मला तसे वाटत नाही. शस्त्रक्रियेचा सराव आधी भोपळ्यासारख्या फळांवर करावा, असे शिकवणाऱ्या सुश्रुतांना पारखून घेण्याचे वावडे नक्कीच नव्हते. पालकांनाही एक विनंती आहे. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून स्वतःच्या मनाने गुग्गुळ सुरू करू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होऊ शकतो. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

याहून मोठी काळजी झुडपाचीच आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत गुग्गुळ ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. हे झुडूप डिंक काढण्याजोगे व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. जास्त डिंक मिळावा म्हणून खोल चिरा दिल्या, रसायने लावली, की ते वाळून जाते. डिंक गोळा करणाऱ्या गरीब माणसाला दोष देऊन भागणार नाही. त्याची चूल त्यावर पेटते आणि मागणी तर आपली, शहरातल्या लोकांची आहे. गुग्गुळ फांदी लावूनही वाढतो. म्हणून रानातले ओरबाडण्याऐवजी शेतात लावलेल्या गुग्गुळाला चांगला भाव मिळाला पाहिजे आणि डबीवर डिंक लागवडीचा की रानातला, हे छापले पाहिजे.

कॅडेट मित्रांनो, आपल्यापैकी काही जण पुढे जैसलमेर, बिकानेरच्या वाळूत तैनात असतील. सीमेवर फक्त जमीन राखायची नसते, त्या जमिनीवर जे उगवते तेही देशाचेच असते. तिथले एखादे पाने झडलेले काटेरी झुडूप सरपण म्हणून तोडण्याआधी ते गुग्गुळाचे तर नाही ना, एवढे ओळखता आले पाहिजे.